हॅडलबीची कुलपं

मेंढ्यांच्या पाठीला निळा रंग फासलेला.

शिरूर कासारच्या स्टँडवर भागवतची जीप भरल्याशिवाय हलत नाही. दिवाळीनंतर ती भरतच नाही.

हॅडलबीच्या पुलावरून एका वेळी एकच गाडी जाते. समोरून दुसरी आली, तर ज्याला घाई कमी असेल तो मागे घेतो.

केजकडच्या एका गावाला शहादेव "पसंत न्हाई" म्हणून परत आला होता. कारण एवढंच, की पाहुण्याला पाणी देताना तिथल्या माणसाने तांब्या खाली ठेवला, हातात दिला नाही.

हॅडलबीत टेलिफोनची लाल खोली. आत टेलिफोन नाही, आत पुस्तकं. कुणीही न्यावीत, वाचून आणून ठेवावीत.

बाभळीच्या काट्या वाळल्या की लांबून हाडांसारख्या दिसतात.

"मामा, आवाज येतोय का माझा?"

स्थान, सीमा

गाव म्हणावं एवढंही हॅडलबी मोठं नाही. आपल्याकडे असतं तर त्याला वस्तीच म्हटलं असतं. इंग्लंडच्या उत्तरेला डोंगर जिथे उतरून ओढ्यापाशी थबकतो, तिथे सात घरं. पूर्वेला ओढा, पश्चिमेला मेंढ्यांचं रान, दक्षिणेला तो अरुंद पूल, उत्तरेला नुसता चढ. दुकान नाही. शाळा नाही. एक प्रार्थनाघर होतं, ते कुणीतरी विकत घेऊन त्याचं राहतं घर केलं.

बोरदरा ही वस्ती शिरूर कासार तालुक्यातली. उताराला टेकून अकरा घरं. ओढा आहे, त्याला पाणी नाही. पूल नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

या दोन वस्त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो अंजलीने आणला. अंजली ही मंजुळाबाईची मुलगी, शहादेवची भाची. बीडला नर्सिंग केलं, मग तिकडे गेली. एका म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात ती कामाला होती. दिवाळीच्या फराळाचं बोलता बोलता तिने आईला सांगून टाकलं, की तिला एक जण पसंत आहे, रॉब नावाचा, आणि लग्न करून त्याच्या वस्तीत राहायचं आहे.

"मामाला विचार," मंजुळाबाई म्हणाली, आणि फोन भावाच्या हातात देऊन चुलीकडे गेली. चूल पेटलेली नव्हती, तरी ती फुंकत बसली.

अंजली मामाला म्हणाली, "बारावीनंतर माझी दोन स्थळं आलती. दोन्ही गावं तुमी बघून आलात आन न्हाई म्हनलात. म्हणून मी हिथवर आले. आता ह्या गावालाबी तुमीच काय ते म्हना. तुमी न्हाई म्हनलात तर मी न्हाई करणार."

शहादेव म्हणाला, "बघू."

त्या दिवसापासून त्याचा पाय एका जागी ठरेना.

पद्धत

शहादेवला गाव पाहण्याचा छंद होता असं म्हणणं बरोबर नाही. गाव पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, हे बरोबर. घरातल्या पोरी सोडाच, आजूबाजूच्या वस्त्यांतले लोकही मुलगी द्यायच्या आधी त्याला पुढे घालायचे. पोरगा बाकीच्यांनी पाहावा, घर बाकीच्यांनी पाहावं, गाव शहादेवने.

गाव पाहायचं तर त्या गावात उतरायचं नाही. अलीकडच्या गावात उतरायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि पुढच्या गावातल्या त्या घराचं नाव काढायचं. माणूस पटकन बोलला तर ठीक. आधी तंबाखू मळायला लागला तर समजून घ्यायचं. तिथून पायी निघायचं. शिवेवर ढेकूळ उचलून बोटांत फोडायचं. घरं वसली ती पांढर कुठे, पिकं येतात ती काळी कुठे, दोन्हींत किती चाल, हे बघायचं. मसणवट्याची वाट बघायची. जे गाव मेलेल्याला नीट नेत नाही, ते बाळंतिणीला काय नेणार. पाणी प्यायचं. आणि शेवटी दारं.

दारांचा नियम शहादेवचा स्वतःचा. दिवाळीनंतर ज्या गावात दारोदार कुलपं दिसतात, तिथे पोर द्यायची नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी घेत नाही. म्हणून तोडीच्या तोंडावर घाईघाईने लग्नं लागतात. कुलपाच्या गावात दिलेली पोर नांदायला घरात जात नाही, उसाच्या फडावर जाते. शहादेव हे कुणाला बोलून दाखवत नसे. परत येऊन तो एवढंच म्हणे, "पसंत हाय," नाहीतर, "पसंत न्हाई."

खुद्द बोरदऱ्यातल्या अकरा घरांपैकी आठ घरांना तेव्हा कुलपं होती. कुलपापुढे बाभळीच्या काट्या लावलेल्या, कुत्र्यांनी दार उकरू नये म्हणून.

हवामान

तिकडे सारखा पाऊस. इकडे टाकी सुद्धा टँकरने भरायची.

शेजार

चेहरा दिसण्याइतकी रेंज फक्त टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीजवळ यायची, तीही टाकीच्या सावलीच्या अंगाला. भागवतकडे बरा फोन होता. जीप रिकामी पडलेली, त्यामुळे त्याच्याकडे वेळही होता. तो फोन समोर धरून उभा राही. शहादेवला मात्र उभं राहून बोलणं जमत नसे. दोन वाक्यं झाली की तो चालू लागे, बोलत बोलत उन्हात जाई, आणि अंजलीचा चेहरा गोठे. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. मग भागवत त्याला दंडाला धरून सावलीत आणी.

"आबा, हलू नका हो. तुमी हललात की इंग्लंड बंद पडतंय."

"मग तूच बघ की गाव. मी कावून उभा हाय हिथं?"

"मला काय कळतंय त्यातलं? नाव ऐकून मला तर वाटलं हडळीचं गाव हाय."

मंजुळाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेलं हसू गिळलं.

पहिल्या दिवशी शहादेवने भाचीला अलीकडच्या गावी धाडलं. टपरीवर जाऊन रॉबच्या घरचं विचार, म्हणाला, आणि आपण कोण ते सांगू नको.

"मामा, हिथं टपरी नसती. पब हाय."

"म्हंजे?"

"दारूचं दुकान म्हना."

"दादा," मंजुळाबाई मागून म्हणाली, "पोरीला दारूच्या दुकानात धाडतोस का चौकशीला?"

"खरं तिथंच बोलतेत लोक."

अंजली जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तिने सगळं सांगितलं, हसत हसत, पण काही गाळलं नाही. दुकानाची मालकीण ग्लास पुसत होती. रॉबचं नाव काढलं.

"पुसायची थांबली का पुसतच राहिली?" शहादेवने विचारलं.

"पुसतच राहिली."

"हं. मग?"

"म्हनली, तो कधी येळेवर येत न्हाई. पर आला की काम झाल्याबिगर जात न्हाई."

"काय काम करतो?"

"शेताच्या कडेनं दगडाचे बांध असतेत हिथं. चुना न्हाई, माती न्हाई, नुसता दगडावर दगड. ते पडले की तो रचतो. त्याचा आजाबी तेच करायचा."

शहादेव थांबला. दगडावर दगड बसवणं त्याला माहीत होतं. उतारावरच्या शेतात माती अडवायला त्याने तेच केलं होतं. दगड दहादा फिरवून बघावा लागतो, घाई चालत नाही. म्हणजे पोरगा फिरवून बघणारा आहे. पण तो काही बोलला नाही. पोरगा पाहणं त्याचं काम नव्हतं.

माती, पांढर

"ढेकूळ उचल."

"उचललं."

"हातमोजा काढून."

"मामा, बोटं गळून पडतील माझी."

"काढ."

तिने हातमोजा काढला. काळीभोर, ओली, दाबली तर बोटांना चिकटून बसणारी. शहादेवने फोन डोळ्याजवळ धरला, जणू वासही येणार होता. "पाणथळ हाय," तो म्हणाला, "गवत येईल. ज्वारी यायची न्हाई."

"हिथं ज्वारी कोन खातं?"

"तू खातीस ना."

अंजलीने हातमोजा परत चढवला. मग तिने फोन मेंढ्यांच्या रानाकडे वळवला. रान सपाट नव्हतं. गवताखाली चौकोनी उंचवटे होते, ओळीने, मध्ये खोलगट पट्टा गाडीवाटेसारखा.

"जुनं गाव ते. रॉब सांगतो, शेकडो वर्षांखाली हिथं पटकीसारखी साथ आली. निम्मी मानसं गेली. उरलेल्यांनी ती जागा सोडली आन वढ्याजवळ घरं बांधली. उन्हं तिरपी झाली की भिंतींच्या सावल्या पडतेत, घरं मोजता येतेत."

"म्हंजे ती जुनी पांढर."

"हां. पांढरच की."

त्या दिवशी शहादेव पहिल्यांदा टाकीच्या सावलीत बराच वेळ उभा राहिला. गाव उठतं, ते त्याने पुष्कळ पाहिलं होतं. उठलेलं गाव हाकेच्या अंतरावर पुन्हा बसलं, हे कमी पाहिलं होतं. खाली उतरताना तो बहिणीला म्हणाला, "मानसं चिवट असणार."

मंजुळाबाईने संध्याकाळी त्याला न मागता दुसरा चहा दिला.

मसणवटा

नीट आहे. गवत कापलेलं. वाट दगडाची. मंजुळाबाईने हे ऐकून कपाळाला हात लावला. पोरीच्या लग्नाच्या बोलण्यात दादाला हेच सुचतं, म्हणाली. तरी पूर्ण ऐकून घेतलं.

दारं

राहिली होती दारं.

अंजलीला सुट्टी होती. तिकडे सकाळ, इकडे दुपार. फोन हातात धरून ती हॅडलबीच्या एकुलत्या एक रस्त्याने चालली होती, आणि चालताना तिचा श्वास ऐकू येत होता, वाफेसारखा. पुलापासून सुरुवात केली. "हे पहिलं घर," ती म्हणाली. दगडी भिंत, हिरवं दार, दारावर आकडे असलेली लोखंडी डबी. खिडक्यांना आतून पडदे ओढलेले.

"ही डबी कशाची?"

"चावी असती आत. आकडे जुळवले की उघडती."

दुसरं घर. तीच डबी. तिसरं घर रॉबचं. धुराड्यातून धूर, दारात बुटांचा ढीग, बाजूला दगडांची रास. चौथं घर ते प्रार्थनाघर. उंच दार, त्याला भलंथोरलं कुलूप. पाचव्या घराच्या खिडकीत एक म्हातारी होती. तिने हात हलवला.

"ती डोरोथी. एकटी असती. पंच्याऐंशी वर्षांची हाय."

सहावं घर बंद. सातवं बंद, त्याच्या दारापुढे पानं साचून काळी पडलेली.

फोन हलत होता, घरं हलत होती. शहादेवचा आवाज मात्र एकाएकी अगदी स्थिर झाला.

"ह्या घरांतली मानसं कुठं गेली?"

"नसतेत मामा ह्या दिवसांत. गेलेली असतेत. मे महिन्यात येतेत माघारी."

शहादेव वळला आणि चालू लागला. सावली संपली, ऊन लागलं, अंजली गोठली. भागवत त्याला धरायला गेला तर त्याने दंड सोडवून घेतला.

"पसंत न्हाई," तो म्हणाला, आणि टेकाड उतरून गेला.

दळणवळण

त्यानंतर शहादेव घरात सापडेना. सकाळी उठून शिरूरला जाई, तिथून पाटोद्याच्या बाजारात, काही न घेता परत. मंजुळाबाई त्याच्याशी बोलत नव्हती. भाकरी वाढायची, ताट सरकवायची, आणि अंगणात जाऊन उभी राहायची. अंजलीचा फोन आला की भागवत टेकाडावरून हाक मारी. शहादेव ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि उलट्या दिशेने चालू लागे.

एका दुपारी तो भागवतच्या जीपमध्ये बसला. दुसरा पाशिंजर नव्हता. भागवतने तशीच गाडी काढली.

"रिकामी कावून काढलीस बे? डिझेल काय फुकट येतंय?"

"तुमाला विचारायचं हाय म्हणून काढली. हितून उडी मारून जाता यायचं न्हाई तुमाला."

शहादेवने बाहेर बघितलं. तुरीची वाळलेली रानं, मधूनच कापसाची पळाटी.

"पोरगी रडती हो, आबा. पोरगा वाईट हाय का? गोरा हाय म्हणून का?"

"गोऱ्या-काळ्याचं काय करायचंय मला?"

"मंग?"

"डोळे हायेत का तुला? फोन तूच धरला व्हता. सात घरं, पाच कुलपं. दिवाळी झाली की गेली, मे महिन्यात येणार. कुठं जातेत मग ही मानसं?"

भागवतने गाडी हळू केली. हे त्याला सुचलंच नव्हतं, आणि सुचल्यावर नाकारता येईना. आपल्या वस्तीतलीही तेव्हाच जातात, उन्हाळ्यात येतात. तो स्वतः दोन हंगाम जाऊन आला होता. कुलूप पाहिलं की त्याला दुसरं काही दिसत नसे.

"तिकडं ऊस असतो का पर?"

"ऊस नसंल. दुसरं काय असंल. बटाटे असतील. तोडायचं काहीतरी असणारच की. आज तो दगडं रचतो, उद्या कुणी म्हनलं जोडी आन, तर? ही नर्स हाय का दुसरं कोन, कोन बघतंय? म्हातारी तेवढी मागं ठेवलेली, बघितलीस ना? आपल्यासारखीच."

भागवतने गिअर बदलला. "लई अवघड हाय," एवढंच म्हणाला.

पण त्याच्याने राहवलं नाही. शिरूरला गाडी लावून, शहादेव चहा घेत होता तेवढ्यात, त्याने अंजलीला फोनवर आवाजातला निरोप टाकला: ताई, आबा म्हणतेत तुमचं गाव तोडीला गेलंय, खरं का.

उत्तर आलं तेव्हा ते परतीच्या वाटेवर होते. भागवतने गाडी कडेला घेतली आणि मोठ्याने लावलं. आधी नुसतं हसणं होतं. मग हसणं थांबलं आणि अंजलीचा आवाज आला, थकलेला. "त्यांना सांग, ती तोडीवाली न्हाईत. शहरातली हायेत, डॉक्टर, वकील, असे. त्यांची तिकडं मोठी घरं हायेत. ही घरं सुट्टीला यायला घेतलेली. उन्हाळ्यात येतेत, पंधरा दिवस राहतेत, फिरतेत, जातेत. बाकीचं वर्षभर बंद."

भागवत हसला. "घ्या. मजेची कुलपं निघाली. मिटलं की."

शहादेवने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग जीपमधून उतरला आणि रस्त्याच्या कडेने वस्तीच्या दिशेने चालू लागला. भागवत मागून हळूहळू गाडी आणत राहिला, त्याच्या चालीने, एका म्हाताऱ्याची वरात निघावी तसा.

लोकसंख्या

हॅडलबीत एके काळी शंभरावर माणसं होती. आता हिवाळ्यात दोन, अंजली धरून तीन.

दारं, पुन्हा

संध्याकाळच्या आत तो स्वतः टेकाडावर चढला. मंजुळाबाई मागून आली, न बोलता. भागवतने फोन लावून शहादेवच्या हातात दिला आणि त्याला टाकीच्या भिंतीला टेकवून उभं केलं.

अंजली कामाच्या निळ्या कपड्यांत होती. मागे पांढरी भिंत.

"मिटलं का मामा तुमचं?" तिने विचारलं.

"न्हाई."

"आता काय?"

"आपली कुलपं पोटापायी असतेत," शहादेव म्हणाला. तो शब्द शोधत होता. त्याला कारण सांगायची सवय नव्हती. "मानूस जातं, पर त्याचा जीव हिथं टांगलेला असतो. कुणाचं काय झालं, तर रात्रीतून टेम्पो धरून येतं. तुझ्या गावची कुलपं मजेची. त्यांचा जीव हितं न्हाई, तिथं न्हाई. तुला काय झालं तर कुणाचं दार वाजवशील? डबीतले आकडे जुळवत बसशील? तोडीच्या गावापरीस हे वंगाळ हाय. मला पसंत न्हाई."

मंजुळाबाई म्हणाली, "तू माघारी ये बाई. बीडला दवाखाने काय कमी हायेत? हिथं आपलं गाव हाय."

 पलीकडे कुणीतरी अंजलीला इंग्रजीत हाक मारली, तिने हात दाखवून थांबवलं.

"मामा, फोन फिरवा," ती म्हणाली.

"काय?"

"फोन फिरवा. मला गाव दाखवा. टाकीवरनं सगळं दिसतं की."

शहादेवला फिरवता येईना. भागवतने हात लांबवून एक बटण दाबलं आणि फोनचं तोंड खाली वस्तीकडे झालं.

"हळू न्या. हां. हे आसारामकाकाचं ना? काट्या लावल्यात. हे साखराबाईचं. कुलूप. हे म्हाळूआबाचं, पत्रा उचकटलाय बघा कोपऱ्यात. शाळेलाबी कुलूप का?"

"पोरं न्हाईत," भागवत म्हणाला. "सगळी आईबापाबरोबर फडावर."

"पुढं न्या. वढा दाखवा. कोरडा हाय. मला काय झालं तर हिथं कुणाचं दार वाजवू, मामा? तुमचं आन आईचं. दोन म्हाताऱ्यांचं. आन भागवतची जीप, ती शिरूरात नसली तर."

 खाली साखराबाईच्या दारापुढच्या काट्या वाऱ्याने घासत होत्या, तेवढाच आवाज.

"दर फोनला आई म्हनती, माघारी ये. आता मी गाव बघितलं," अंजली म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला पसंत न्हाई."

मंजुळाबाईने पदर तोंडाला लावला. भागवत टाकीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. शहादेवच्या हातातला फोन अजून वस्तीकडेच तोंड करून होता, आणि तो तसाच धरून तो बघत राहिला, जणू ती घरं त्यालाही कुणीतरी फोनवरून दाखवत होतं. त्याने अवघ्या मुलखाची दारं पाहिली होती. आपल्या दारांकडे पाहून त्याने कधी पसंत-नापसंत म्हटलं नव्हतं. आपलं गाव कुणी पाहायला येतं, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

त्याचे पाय चालू लागले, सवयीने. चार पावलं गेला. थांबला. रेंज तुटली नव्हती. तो पुन्हा सावलीत आला.

"पाणी कसंय तिथलं?" त्याने विचारलं. त्याने हे विचारलंच नव्हतं, दारांपाशी सगळं तुटलं होतं.

"गोड हाय."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातबी. वढा आटत न्हाई मामा. कधीच न्हाई."

"ती म्हातारी. डोरोथी. तिला रात्री काय झालं तर?"

"रॉबच्या खिडकीला तिची घंटी बांधलेली हाय. ती वाजवती. मधल्या प्रार्थनाघराच्या मागून तार नेलीय त्यानं. दोनदा वाजवली यंदा. एकदा खरंच पडली व्हती. एकदा नुसती भ्याली म्हणून."

"गेला का तो?"

"दोन्ही येळेला. अनवाणी गेला, शिव्या देत."

"शिव्या देत?"

"हां."

शहादेवच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. मग तो बोलू लागला, तिच्याकडे न बघता, टाकीच्या भिंतीवरच्या ओलीकडे बघत.

"अलीकडच्या गावात उतरायचं. ती बाई गिलास पुसती ते दुकान डाव्या हाताला. तिथून पायी. पूल अरुंद हाय, समोरून गाडी आली तर आपुन थांबायचं. डाव्या अंगाला मेंढरांचं रान, तिथं जुनी पांढर. पैल्या दोन घरांना डब्या. तिसरं तुमचं. दगडाची रास हाय बाहेर. पुढं मोठ्या कुलपाचं देवघर, त्याच्या पल्याड म्हातारीची खिडकी. ती हात करती. बरोबर का?"

"बरोबर," अंजली म्हणाली.

"कुणाला इचारावं लागायचं न्हाई मला."

"न्हाई लागायचं, मामा."

"भागवत," शहादेवने हाक मारली, "तिकडं जायला ते पुस्तक काढावं लागतं, ते कुठं काढतेत रे? बीडला का औरंगाबादला?"

भागवत टाकीमागून आला. "पासपोर्ट का? चौकशी करतो की. पर आबा, तिथं एवढं चालायला लागतं, तुमाला..."

"चालायचं तू मला शिकवतोस का बे?"

मंजुळाबाईने पदर तोंडावरून काढला. "दादा, आधी तोंडानं सांग. हो का न्हाई?"

"वाट सांगितली ना सगळी."

"वाट नको. सांग."

शहादेवने फोन तिच्या हातात दिला आणि टेकाड उतरायला लागला. अर्ध्यात गेल्यावर त्याचा आवाज वर आला, पाठ फिरवूनच, "पसंत हाय." मग तो थांबला नाही. आसारामच्या घरावरून, म्हाळूच्या घरावरून, शाळेवरून, प्रत्येक दारापाशी क्षणभर रेंगाळत, काट्या सरकल्या होत्या तिथे पायाने नीट करत तो वस्तीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि तिथून पुन्हा माघारी.

अंजली जन्मली ती उसाच्या फडावर, वाळल्या पाल्याच्या कोपीत, मंजुळाबाई तोडीला गेलेली असताना, माघ महिन्यात. बोरदऱ्यातल्या तिच्या घराचं कुलूप त्या वर्षी चैत्रात निघालं.